पहिले तीन दिवस वाचकांचे: ‘द फॉल्ट इन अवर स्टार्स’चा गल्ला कसा वाचायचा

६ जून २०१४ च्या शुक्रवारी अमेरिकेत दोन चित्रपट समोरासमोर लागले. एक टॉम क्रूझचा ‘एज ऑफ टुमॉरो’, निर्मितीखर्च सुमारे १७.८ कोटी डॉलर. दुसरा ‘द फॉल्ट इन अवर स्टार्स’. कर्करोगाशी झुंजणाऱ्या दोन किशोरवयीन मुलांची ही प्रेमकथा जॉन ग्रीन यांच्या २०१२ च्या कादंबरीवर बेतलेली होती आणि तिचा खर्च होता १.२ कोटी डॉलर. क्रूझच्या चित्रपटाच्या पैशांत असे चौदा चित्रपट काढून वर चार पैसे उरले असते.

पहिल्या तीन दिवसांत स्वस्त चित्रपटाने ४.८० कोटी डॉलर जमवले, महागड्याने २.८८ कोटी. आठवड्याभराने चित्र उलटं दिसू लागलं. ‘फॉल्ट’चा दुसरा वीकेंड तब्बल ६९ टक्क्यांनी घसरून १.४८ कोटींवर आला. क्रूझचा चित्रपट मात्र टिकून चालला. शेवटी जगभरातली बेरीज ‘फॉल्ट’ची ३०.७ कोटी आणि ‘एज ऑफ टुमॉरो’ची ३७ कोटी. मग यातला हिट कोणता? नुसत्या जागतिक बेरजेवर गेलात तर उत्तर हमखास चुकेल.

किशोरवयीन वाचकांच्या कादंबरीवरचा चित्रपट असेल तर त्याचा गल्ला तीन तुकड्यांत वाचावा लागतो. पहिल्या वीकेंडचा आकडा प्रामुख्याने पुस्तकाच्या वाचकांचा असतो. त्यापुढचा आकडा पुस्तक न वाचलेल्यांचा. आणि या दोघांपैकी कोणावाचून अडतं, हे खर्च ठरवतो.

आधी एककांचा गोंधळ मिटवू, कारण मराठी बातम्यांत सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. एक मिलियन म्हणजे दहा लाख, दहा मिलियन म्हणजे एक कोटी, एक बिलियन म्हणजे शंभर कोटी. ४८ मिलियन डॉलर म्हणजे ४.८ कोटी डॉलर. त्या वेळी डॉलर साधारण ५९-६० रुपयांना होता, म्हणजे ही रक्कम २८५ कोटी रुपयांच्या आसपास जाते. जुना गल्ला रुपयांत सांगायचा तर दर त्या वर्षीचा धरायचा. आजच्या दराने गुणलं की दहा वर्षांपूर्वीचा चित्रपट बसल्या जागी श्रीमंत होतो.

शुक्रवारात लपलेला गुरुवार

‘फॉल्ट’ची पहिल्या दिवसाची कमाई २.६१ कोटी डॉलर अशी नोंदली आहे. मात्र यात गुरुवार रात्रीच्या खेळांचे ८२ लाख डॉलर मिसळलेले आहेत. अमेरिकेत ही रीतच आहे: गुरुवारी संध्याकाळपासूनचे खेळ शुक्रवारच्या खात्यात जमा होतात. ‘फॉल्ट’साठी ५ जूनच्या रात्री तर ‘द नाइट बिफोर अवर स्टार्स’ नावाचा खास कार्यक्रमच ठेवला होता. त्याचं तिकीट २५ डॉलर. चित्रपटानंतर लेखक आणि कलाकारांशी थेट प्रक्षेपणातून प्रश्नोत्तरं आणि मनगटात घालायचं एक ब्रेसलेटही त्यात होतं. त्या वर्षी अमेरिकेत तिकिटाची सरासरी किंमत ८.१७ डॉलर होती. तिच्या तिप्पट पैसे देऊन कोण येणार? ज्याच्या उशाशी ते पुस्तक आहे तोच.

आता थोडं गणित. पूर्ण वीकेंड ४.८० कोटी, त्यातला ‘पहिला दिवस’ २.६१ कोटी. म्हणजे निम्म्याहून जास्त पैसा गुरुवार रात्र आणि शुक्रवारचा, आणि शनिवार-रविवार मिळून उरले २.१९ कोटी. घरच्या सगळ्यांनी मिळून बघायच्या चित्रपटाला शनिवार शुक्रवारपेक्षा मोठा जातो, कारण आईवडील मोकळे असतात. इथे उलटं झालं. ज्यांना बघायचाच होता त्यांनी शनिवारची वाट पाहिली नाही.

दारावर घेतलेल्या पाहणीतही हेच दिसलं. पहिल्या वीकेंडच्या प्रेक्षकांत ८२ टक्के मुली-बायका होत्या आणि ७९ टक्के प्रेक्षक पंचवीस वर्षांखालचे. व्यापारातली माणसं अशा आकड्यांना ‘अरुंद पण खोल’ प्रेक्षक म्हणतील: एकाच गटातले जवळजवळ सगळे आले, बाकीच्या गटांतलं फारसं कोणी आलं नाही.

आणखी एक खबरदारी. रविवारी दुपारी जे आकडे झळकतात ते स्टुडिओंचे अंदाज असतात. त्यात रविवारची कमाई तिकिटं पूर्ण विकली जाण्याआधीच धरलेली असते. खरे आकडे सोमवारी येतात. फरक बहुधा थोडा असतो, पण पहिल्या-दुसऱ्या क्रमांकाची चुरस असेल तर रविवारचा आकडा फुगवण्याचा मोह स्टुडिओला होतोच.

६९ टक्के घसरण म्हणजे चित्रपट पडला का?

नाही. पण असं का, हे नीट पाहायला हवं.

दुसऱ्या वीकेंडला ५० ते ५५ टक्के घसरण अमेरिकेत नेहमीची समजली जाते. साठच्या पुढे गेली की भुवया वर जातात, आणि सत्तरच्या जवळ पोहोचली की सहसा ‘बाहेर बोलणं वाईट चाललंय’ असा अर्थ लावतात. ‘फॉल्ट’च्या बाबतीत तो अर्थ लागू पडत नाही. चित्रपटगृहातून बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांकडून श्रेणी गोळा करणाऱ्या सिनेमास्कोअरने त्याला ‘ए’ नोंदवली होती. बघितलेल्यांना चित्रपट आवडला होता. पण बघू इच्छिणाऱ्यांपैकी मोठा हिस्सा पहिल्या तीन दिवसांतच बघून मोकळा झाला होता. त्यात १३ जूनला ‘२२ जंप स्ट्रीट’ आणि ‘हाऊ टू ट्रेन युवर ड्रॅगन २’ असे दोन मोठे चित्रपट लागले आणि तरुणांपुढे नवे पर्याय आले.

तरीही अमेरिका-कॅनडातली एकूण कमाई १२.४९ कोटी डॉलरपर्यंत पोहोचली. एकूण कमाईला पहिल्या वीकेंडने भागलं की जो आकडा येतो त्याला मल्टिप्लायर म्हणतात. इथे तो २.६ येतो. या प्रकारच्या चित्रपटांत हा आकडा अगदी नेहमीचा आहे. ‘द हंगर गेम्स’ (२०१२) चा गल्ला याहून कितीतरी मोठा, पहिला वीकेंड १५.२५ कोटी आणि एकूण ४०.८ कोटी, पण मल्टिप्लायर जवळपास तेवढाच, २.७. ‘एज ऑफ टुमॉरो’चा मात्र ३.५. त्याची जाहिरात लोकांच्या मनात ठसली नव्हती. लोकांनी एकमेकांना सांगितलं म्हणून तो चालला.

पहिला आणि दुसरा वीकेंड मिळून ‘फॉल्ट’चे ६.२८ कोटी होतात. मग उरलेले ६.२१ कोटी आले कुठून? मधल्या वारांतून आणि पुढच्या आठवड्यांतून. जूनमध्ये अमेरिकेतल्या शाळांना सुट्टी लागते आणि किशोरवयीन प्रेक्षकाला मंगळवार काय नि शनिवार काय, सारखाच. वीकेंडची वीकेंडशी तुलना करताना हे सोमवार ते गुरुवार नजरेतून निसटतात. हाच चित्रपट सप्टेंबरात शाळा सुरू झाल्यावर लावला असता, तर इतक्या घसरणीनंतर २.६ गाठणं अवघड होतं. प्रदर्शनाची तारीख निवडणाऱ्याला इथे पैकीच्या पैकी गुण द्यायला हवेत.

‘बेस्टसेलर’चा भ्रम

निर्माते इथेच फसतात. पुस्तक दहा लाख प्रतींचं आहे म्हटलं की त्यांना चित्रपट चाललेलाच दिसू लागतो. हिशेब करून बघा. दहा लाख वाचकांपैकी एकूण एक जण चित्रपटगृहात आला, प्रत्येकाने ८.१७ डॉलरचं तिकीट काढलं, तरी गल्ला होतो ८१.७ लाख डॉलर. म्हणजे एक कोटीसुद्धा नाही. पुस्तकांच्या दुनियेत दहा लाख हा विक्रम असतो, चित्रपटाच्या दुनियेत तेवढ्यात जाहिरातीचा खर्चही निघत नाही.

‘फॉल्ट’च्या पहिल्या वीकेंडला, सरासरी किंमत धरली तर, ५८ लाखांच्या आसपास तिकिटं गेली. खास खेळांची महागडी तिकिटं लक्षात घेता प्रत्यक्षात थोडी कमीच. म्हणजे नुसत्या दहा लाख वाचकांनी येऊन भागणार नव्हतं. वाचकाने मैत्रिणीला ओढून आणणं गरजेचं होतं, आणि ते घडलं.

जिथे ते घडलं नाही त्याची दोन उदाहरणं २०१३ मध्येच सापडतात. ‘ब्यूटिफुल क्रीचर्स’चा खर्च सुमारे ६ कोटी डॉलर, अमेरिकेतला गल्ला १.९५ कोटी. ‘द मॉर्टल इन्स्ट्रुमेंट्स: सिटी ऑफ बोन्स’ही ६ कोटींचा, अमेरिकेत ३.१ कोटी. दोन्ही गाजलेल्या पुस्तकमालिकांवरचे. पण जादू, राक्षस, दृश्यपरिणाम यांमुळे खर्च इतका वाढला होता की वाचकांबाहेरचा प्रेक्षक आला तरच गणित जुळणार होतं. ‘फॉल्ट’मध्ये दोन मुलं, एक ऑक्सिजनची नळी, काही घरं नि रुग्णालयं आणि ॲम्स्टरडॅमची छोटी सफर एवढाच पसारा. कादंबरी इंडियानापोलिसमध्ये घडते, चित्रीकरण मात्र मुख्यतः पिट्सबर्गमध्ये झालं. पिट्सबर्ग ज्या पेनसिल्व्हेनिया राज्यात आहे ते नियमांत बसणाऱ्या चित्रीकरण खर्चाच्या २५ टक्के करसवलत देतं. चित्रीकरण कुठे करायचं, हे बऱ्याचदा कथेपेक्षा असा हिशेबच ठरवतो.

गल्ल्यातले किती डॉलर घरी येतात

तिकीट खिडकीवर जमा झालेली रक्कम म्हणजे ग्रॉस. ती स्टुडिओची कमाई नव्हे. अमेरिकेत साधारण निम्मी रक्कम चित्रपटगृहांकडे राहते. परदेशात स्टुडिओच्या हाती सरासरी ४० टक्क्यांच्या आसपास येतात. चीनमध्ये, २०१२ पासून लागू असलेल्या वाटणीनुसार, फक्त २५ टक्के.

‘फॉल्ट’: अमेरिका-कॅनडाचे १२.४९ कोटी, त्यातले निम्मे म्हणजे ६.२५ कोटी. परदेशातले १८.२ कोटी, त्याचे ४० टक्के ७.३ कोटी. एकूण हाती १३.५ कोटी. यातून १.२ कोटी निर्मितीखर्च वजा करा. मग प्रसिद्धी आणि वितरण. अमेरिकेतल्या मोठ्या स्टुडिओंच्या संघटनेने २००७ साठी दिलेली सरासरी एका चित्रपटामागे ३.५९ कोटी डॉलर होती, आणि त्यानंतर अशी सरासरी जाहीर करणंच तिने थांबवलं. जगभरासाठी ढोबळ ६ कोटी धरले तरी सहा कोटींच्या वर रक्कम शिल्लक राहते. त्यातून लेखक, निर्माते आणि कलाकारांचे ठरलेले हिस्से जातील. डिस्क आणि टीव्हीचं उत्पन्न वेगळं येईल. हा हिशेब ढोबळच आहे, पण दिशा पक्की आहे.

‘एज ऑफ टुमॉरो’: अमेरिकेतले १० कोटी, निम्मे ५ कोटी. परदेशातले २७ कोटी, ४० टक्क्यांनी १०.८ कोटी. हाती १५.८ कोटी, आणि निर्मितीखर्चच १७.८ कोटी. जाहिरातीचा डॉलर अजून मोजलेलाही नाही. चीनमधल्या प्रत्येक डॉलरमागे पंचवीसच सेंट येतात हे धरलं की १५.८ चा आकडाही थोडा खाली सरकतो. मल्टिप्लायर चांगला, समीक्षा चांगल्या, जागतिक बेरीज मोठी, आणि तरी चित्रपटगृहांतून खर्च निघाला नाही.

‘बजेटच्या अडीचपट कमावलं की हिट’ हा नियम तुम्ही ऐकला असेल. महागड्या चित्रपटांना तो बऱ्यापैकी लागू पडतो, स्वस्त चित्रपटांना अजिबात नाही. १.२ कोटीची अडीचपट म्हणजे ३ कोटी डॉलर. समजा ‘फॉल्ट’ जगभरात तेवढ्यावरच थांबला असता. हाती आले असते सुमारे १.३ कोटी, म्हणजे निर्मितीखर्च फिटून जाहिरातीसाठी उरले दहा लाख. तीन हजारांहून जास्त चित्रपटगृहांत लावलेल्या चित्रपटाच्या जाहिरातीला ते कुठे पुरणार! निर्मिती स्वस्त झाली म्हणून जाहिरात त्याच प्रमाणात स्वस्त होत नाही, म्हणून हा नियम इथे कोलमडतो.

परदेशातले पैसे कोणाचे?

किशोरवयीन वाचकांच्या कादंबरीवरचाच ‘द गोल्डन कंपास’ (२००७) हे या विषयातलं सगळ्यात बोलकं प्रकरण आहे. खर्च १८ कोटी डॉलर, जागतिक गल्ला ३७.२ कोटी. त्यातले अमेरिकेतले फक्त ७ कोटी, बाकीचे तीस कोटींवर डॉलर परदेशातले. पण तो बनवणाऱ्या न्यू लाइन सिनेमाने बहुतेक देशांचे हक्क आधीच तिथल्या वितरकांना विकले होते. आपल्याकडे ज्याला आउटराइट (हक्कांची एकरकमी विक्री) किंवा एमजी (मिनिमम गॅरंटी, म्हणजे आगाऊ किमान हमी रक्कम) म्हणतात तसाच हा व्यवहार. आगाऊ पैसे आले, जोखीम कमी झाली, पण परदेशात चित्रपट धावला तेव्हा त्याचं मोठं फळ वितरकांच्या पदरात पडलं. २००८ च्या फेब्रुवारीअखेरीस न्यू लाइनचं स्वतंत्र अस्तित्व संपवून ती वॉर्नर ब्रदर्समध्ये विलीन करण्याचं जाहीर झालं. या एकाच चित्रपटामुळे तसं झालं असं म्हणणं अन्यायाचं होईल, पण घाव मोठा होता.

ही पद्धत मुळात वाईट नाही. ‘हंगर गेम्स’ काढणाऱ्या लायन्सगेटनेही परदेशी हक्क आगाऊ विकून खर्चाचा बराच भाग आधीच मोकळा केला होता. फरक एवढाच की तिथे अमेरिकेतला गल्लाच ४०.८ कोटींचा झाला. म्हणून जागतिक आकडा बघताना आधी विचारायचं: परदेशात चित्रपट स्टुडिओने स्वतः लावला की हक्क विकले? ‘फॉल्ट’चं वितरण फॉक्स या स्टुडिओकडे होतं आणि फॉक्सचं स्वतःचं जगभर जाळं होतं, त्यामुळे वरचा ४० टक्क्यांचा हिशेब तिथे चालतो.

मालिका लांबवली की काय होतं

वाचक हा सगळ्यात भरवशाचा प्रेक्षक, पण त्याला शेवट आधीच माहीत असतो. किशोरवयीन वाचकांच्या कादंबऱ्यांवरच्या ‘डायव्हर्जंट’ चित्रपटमालिकेचे पहिले वीकेंड बघा: २०१४ मध्ये ५.४६ कोटी, २०१५ मध्ये ‘इन्सर्जंट’ ५.२३ कोटी, २०१६ मध्ये ‘अलीजंट’ २.९ कोटी. दुसऱ्या भागाचा पहिला वीकेंड पहिल्याच्या जवळपास, म्हणून सगळं ठीक वाटलं. पण मल्टिप्लायर २.७६ वरून २.४९ वर आला होता. वाचक आले, इतरांनी पाठ फिरवायला सुरुवात केली होती. हा इशारा तिसऱ्या भागाआधी वर्षभर समोर होता.

त्यात तिसऱ्या कादंबरीच्या शेवटावर बरेच वाचक आधीच नाराज होते, आणि तिचेच दोन चित्रपट करायचं ठरलं. अर्धी गोष्ट पूर्ण तिकिटात. ‘अलीजंट’ अमेरिकेत ६.६ कोटींवर थांबला, मल्टिप्लायर २.२८. चौथा भाग आधी टीव्हीकडे वळवायचं ठरलं आणि शेवटी झालाच नाही. कथा अर्धवट राहिली.

‘फॉल्ट’ला पुढचा भाग नव्हता, म्हणून फॉक्सने लेखकाचं दुसरं पुस्तक घेतलं. जुलै २०१५ मध्ये आलेल्या ‘पेपर टाउन्स’चा लेखक तोच, पटकथाकार जोडी तीच, खर्चही १.२ कोटीच. पहिला वीकेंड मात्र १.२७ कोटी, अमेरिकेत एकूण ३.२ कोटी, जगभरात ८.५५ कोटी. आधीच्या चित्रपटाच्या जवळपास चौथा हिस्सा. वाचकांचं प्रेम होतं ते त्या एका गोष्टीवर. लेखकाच्या नावाने सगळे खेचले जातील हा अंदाज चुकला, पण खर्च आवाक्यात ठेवल्यामुळे नुकसान झालं नाही.

हेच चष्मे आपल्याकडे लावताना

भारतात ग्रॉस, नेट आणि शेअर असे तीन आकडे फिरतात. २३६ रुपयांचं तिकीट घेतलंत तर २३६ हे ग्रॉस. १८ टक्के जीएसटीचे ३६ रुपये गेले की २०० उरतात, ते नेट. त्यातून वितरकाला मिळतो तो शेअर. ऑनलाइन बुकिंगची फी यापैकी कशातच धरत नाहीत. २००९ च्या संपानंतर हिंदी निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांच्यात ठरलेली वाटणी अशी: पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५, पुढे ३०. म्हणजे त्याच २०० रुपयांतून वितरकाला पहिल्या आठवड्यात १०० रुपये, दुसऱ्यात ८५, तिसऱ्यात ७५ आणि त्यानंतर ६०. अशा उतरत्या वाटणीत ‘फॉल्ट’सारखा, बहुतेक प्रेक्षक आधीच येऊन गेलेला चित्रपट वितरकाला उलट जास्त देऊन जातो. चुटपुट लागते ती चित्रपटगृहाच्या मालकाला.

मराठीत शाळकरी आणि कॉलेजच्या वयातल्या कादंबऱ्यांवर ‘शाळा’ आणि ‘दुनियादारी’ आले, आणि त्यांच्याही वाचकांनी पहिल्या आठवड्यात गर्दी केली असेल असं वाटणं साहजिक आहे. पण अमेरिकेत चित्रपटगृहांकडून रोजचे आकडे गोळा होऊन जाहीर होतात, तसे मराठी चित्रपटांचे होत नाहीत. जाहिरातीत ‘२५ कोटी’ छापलं असेल तर ते ग्रॉस की नेट, आणि कुठल्या तारखेपर्यंतचं, हे विचारल्याशिवाय तुलना करू नये.

‘फॉल्ट’चा हिंदी अवतार ‘दिल बेचारा’ मुळात चित्रपटगृहांसाठीच तयार झाला होता. कोविडमुळे पडदे बंद होते, म्हणून २४ जुलै २०२० रोजी तो डिस्ने प्लस हॉटस्टारवर आला, आणि वर्गणी न भरलेल्यांनाही मोफत दाखवला गेला. त्याच्या प्रेक्षकसंख्येचे आकडे त्या काळात बरेच फिरले. त्यांना २०१४ च्या ४.८ कोटी डॉलरशेजारी ठेवता येत नाही, कारण तिकडे ५८ लाखांच्या आसपास तिकिटं पैसे मोजून काढलेली होती आणि इकडे तिकीटच नव्हतं.